पाणी सोडणाऱ्याच्या घरची घागर

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता डोक्यातून निसटायला लागलेत. पंचनामे विसरलो, कलमं विसरलो. पण एका सोमवारी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर डालग्यात बसलेल्या दोन पांढऱ्या कोंबड्या काही विसरता येत नाहीत.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. हजेरी उरकून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात बाहेरून कोंबडीचा आवाज आला. माझा स्वभाव आधीच तापट. ‘ठाणं आहे का बाजार?’ म्हणत बाहेर आलो. पंचेचाळिशीच्या एक बाई टेबलापाशी उभ्या होत्या. तेर गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांचं कुक्कुटपालनाचं शेड होतं. नवरा एसटीत चालक, त्यामुळं शेडाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात.

“साहेब, ह्या माझ्या शेडातल्या. तपासा,” त्या म्हणाल्या. “रोगट निघाल्या तर मला आत टाका. न्हाय निघाल्या तर ज्यानं हे केलं त्याला हुडका.”

त्यांनी मोबाईल पुढं केला. गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरत असलेली एका पुरुषाची ध्वनिफीत होती. आवाज बसका, तोंडावर कापड धरल्यासारखा. “बंधूंनो, शेडातल्या कोंबड्यांना रोग आलाय. पहाटं तोंड बांधून, चुना टाकून पुरत्यात. बाकीच्या मेलेल्या बाजारात इकत्यात. चिकन खाऊ नगा.” सोबत एक चित्रफीत, मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगाची.

दोन दिवसांत त्या फितीनं आसपासच्या बाजारातली चिकनची दुकानं बंद पाडली होती. अंडाभुर्जीच्या गाड्यावर कुणी फिरकेना. आदल्या दिवशी, रविवारी, गावानं बैठक घेऊन ठरवलं होतं की गुरुवारी सकाळी जेसीबी आणायचा आणि शेडातली सगळी पाखरं जिवंत पुरायची. बाईंची पाखरं विक्रीला आलेली होती. आणि पाखरं गेली असती तर त्या गावात त्यांच्या हातचं पाणीही कुणी प्यायलं नसतं. आमच्या हातात तीन दिवस होते.

मी गुन्हा दाखल करून घेतला. फीत पहिल्यांदा कुठल्या मोबाईलवरून निघाली ते शोधायला सायबर शाखेला पत्र दिलं. उत्तराला आठवडा लागेल असं कळलं. पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन केला, तर ते आधी बाईंवरच चिडले. रोगाचा संशय असताना पाखरं शेडाबाहेर नेलीच कशी? बाईंनी मान खाली घातली. “चुकलंच माझं डॉक्टर. रागाच्या भरात आणली.” आणि बाहेर गेलेलं पाखरू परत शेडात घ्यायचं नाही हा बाईंचाच नियम, म्हणून त्या दोन्ही कोंबड्या ठाण्यातच राहिल्या. मुद्देमाल कारकुनानं मला विचारलं, “साहेब, ह्यांना लेबल कुठं लावू?” त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोंबड्या मागच्या अंगणात वेगळ्या कोंडल्या आणि हवालदाराला दाणापाण्याची ड्युटी लावली.

दुपारी डॉक्टर नमुने घ्यायला शेडावर गेले, मीही गेलो. दारातच बाईंनी अडवलं. “बूट बुडवा साहेब.” दारात औषधी पाण्याचा हौद होता. एवढी वर्षं गणवेश घातला, पण असं कुणी मला दारात थांबवलं नव्हतं. मुकाट्यानं बूट बुडवले. आत भुशाचा कोरडा थर, पाण्याची भांडी चकाचक, रोजच्या मरतुकीची नोंद भिंतीवर खडूनं लिहिलेली. थंडीत दोन-चार पाखरं मरतातच, कुठल्याही शेडात. दुसरे लोक ती ओढ्यात भिरकावतात, कुत्री खातात, आणि कुणाचं लक्षही जात नाही. ही बाई तोंडाला फडकं, हाताला मोजे घालून, खड्डा करून, चुना टाकून पुरत होती. नियम पाळला म्हणून संशय तिच्यावर आला होता. मला मनापासून तिचं कौतुक वाटलं.

तिथंच मी त्यांना चित्रफीत पुन्हा दाखवली. भीतीनं त्यांनी ती नीट बघितलीच नव्हती. आता डोळ्यांजवळ धरून बघितली आणि चक्क हसल्या.

“साहेब, ह्या अंड्याच्या कोंबड्या हायत. तुरा बघा की केवढा लाल. चोचीचं टोक छाटलेलं. माझी पाखरं चिकनची, छत्तीस दिसांची. त्यांना कुठला आलाय असला तुरा?”

डॉक्टरांनी मान डोलावली. चित्रफीत दुसरीकडची कुठली तरी होती. पण आवाज मात्र इथलाच होता.

आता माझी चूक सांगतो. मी ठरवून टाकलं की हे मटणवाल्याचं काम. कोंबडी बंद पडली तर बकऱ्याला गिऱ्हाईक वाढणार, सरळ हिशेब. त्याला मंगळवारी सकाळी ठाण्यात बोलावलं आणि दोन तास बसवून चांगलं फैलावर घेतलं. तो शेवटी हात जोडून म्हणाला, “साहेब, माझ्या दुकानात येऊन बघा. दोन दिस झालं, एक माणूस न्हाय आला. एकदा भ्यालं की मानूस कोंबडी न्हाय बघत, बकरं न्हाय बघत. गावात कंदुरी व्हती, नवसाच्या बकऱ्याचं जेवण, तिथं बी लोकांनी नुसतं वरण खाल्लं.” मी शिपाई पाठवून खात्री केली. खरं होतं. त्याची माफी मागितली. नोकरीत माफी मागायचे प्रसंग थोडेच आले, पण ही मागायलाच हवी होती.

मग फीत पुन्हा ऐकायला बसलो. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची एक महिला शिपाई माझ्या ठाण्यात होती. नोकरीला तीन वर्षं झालेली, बोलायला कमी, डोळ्यांनी तेज. ती म्हणाली, “सर, चुन्याचं त्याला कसं कळलं?”

बरोबर होतं. तोंड बांधलेलं लांबूनही दिसतं, चुना जवळूनच दिसतो. बाईंना फोन लावला. खड्डा शेडाच्या मागं, पुढच्या रस्त्यावरून दिसत नाही. “मागं कोण असतं?” “कोण न्हाय साहेब. मागं गावाच्या पाण्याची हीर हाय, तेवढीच.”

बुधवारी सकाळी ती महिला शिपाई साध्या वेशात गावात गेली. मी तिला विहिरीवर जायला सांगितलं होतं. ती गेली हातपंपावर. का, तर गावातली खबर बायकांत कळते, आणि बायका हातपंपावर असतात, एवढंच तिचं म्हणणं. दहाच्या सुमाराला तिचा फोन आला.

“सर, गावाला नळाचं पाणी आलंय. सगळ्या बाया नळावर हायत. हातपंपावर एकच बाई घागर भरतीय. पाणी सोडणाऱ्याची बायको.”

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी, पन्नाशीचा माणूस. रोज पहाटे विहिरीवरची मोटर तोच चालू करायचा. पंचायतीच्या भोंग्यावरून ‘आज पाणी उशिरा येईल’ हे सांगायचा तोच. आणि त्याच्याच घरात नळाचं पाणी चालत नव्हतं.

त्याला ठाण्यात आणलं. मी दरडावलं नाही. मटणवाल्यापुढं लाज गेलेली होती, तीच पुरे होती. चहा दिला. त्यानं सुरुवातीला साफ नाकारलं. “म्या न्हाय साहेब. मला मोबाईलमधलं एवढं कळत बी न्हाय.”

“बरं,” मी म्हणालो. “मग एवढंच सांगा. तुम्ही गावाला जे पाणी सोडता, ते तुमच्या घरी का पीत नाहीत?”

त्यानं कप खाली ठेवला.  मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

“तीन आठवडं झालं साहेब. मी रोज बघतोय, विहिरीच्या अंगाला खड्डा, त्यात मेल्याली पाखरं, वर चुना. पाण्यात उतरलं तर? सरपंचांना सांगितलं, बघू म्हणले. मोटर बंद केली तर नोकरी जाती. म्हणून मी गावाला पाणी सोडायचो आन् माझ्या नातवंडांना हातपंपाचं पाजायचो.”

“मग पाण्याचंच का नाही बोललात? कोंबड्या विकतात हे कशाला?”

“पाण्याचं बोललो असतो तर लोकांनी मलाच धरलं असतं, एवढं दिवस का सोडलं म्हणून. कोंबडीचं म्हणलं की लोकं लगीच ऐकत्यात. चित्र एकानं पाठवलेलं व्हतं, ते जोडलं. कोंबड्या गेल्या की खड्डा जाईल, एवढंच डोक्यात व्हतं.”

त्याचा जबाब घेतला, नोटीस बजावली. रागावायचं म्हणून रागावलोही, कारण एका घराचा त्यानं घात केला होता. पण आतून माझा राग निम्मा झाला होता.

बाईंना बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता या आकाशपाताळ एक करणार. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला इचारलं असतं तर मी हात धरून दाखवलं असतं. पर इचारायला दार उघडं कुठं व्हतं माझं? मीच कुणाला आत येऊ देत न्हाय.” मग बाकावर बसलेल्या पाणी सोडणाऱ्याकडं वळल्या. “दादा, चला. टेप घेऊन या.”

आम्ही सगळे विहिरीवर गेलो. टेपनं अंतर मोजलं. नियमापेक्षा जास्तच भरलं. शेडातही त्याच विहिरीचं पाणी येत असल्यानं डॉक्टरांनी पाण्याचा नमुनाही सोमवारीच पाठवला होता, तो चांगला आला होता. संध्याकाळी पाखरांचाही अहवाल आला, रोग नव्हता. तरी बाई म्हणाल्या, “खड्डा मी हलवते. माझ्यासाठी न्हाय, ह्या माणसाला झोप लागावी म्हणून.” आणि त्याचे पाय औषधी पाण्यात बुडवून त्याला शेडात नेलं. एक पाखरू उचलून त्याच्या हातात दिलं. तो ते छातीशी धरून उभा राहिला.

मी चावडीवर दोन्ही अहवाल मोठ्यानं वाचून दाखवले. लोक शांतपणे ऐकून घेत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, “कागदाला काय हुतंय.” माझ्या गणवेशाचा काही उपयोग झाला नाही. जेसीबी सांगून ठेवलेला होता, तो येणारच होता.

गुरुवारी सकाळी मी बंदोबस्त घेऊन सहालाच गावात पोचलो. तेवढ्यात पंचायतीचा भोंगा खरखरला. आवाज गावानं ओळखला, यावेळी तोंडावर टॉवेल नव्हता.

“मी पाणी सोडणारा बोलतोय. त्या मोबाईलमधला आवाज माझा व्हता. खड्डा बघून मी भ्यालो आन् खोटं बोललो. काल शेडात जाऊन आलो. पाखरं निरोगी हायत. हीर मोजली, पाणी चांगलं हाय. बाईंची माफी मागतो. गावाची बी मागतो.”

कुणी त्याला हे करायला सांगितलं नव्हतं. गावासमोर असं उभं राहायला काय लागतं ते मला माहीत आहे. मोठमोठ्या लोकांना मी कोर्टात ते करताना पाहिलेलं नाही.

जेसीबी आला. बाईंनी त्याला शेडाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्याच्याकडून नवा खड्डा खणून घेतला. पाखरं पुरायला जमलेली माणसं बघत उभी राहिली, मग एकेक करून दारातल्या हौदात पाय बुडवून शेड बघून आली. त्याच आठवड्यात पाखरं विकली गेली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून ठाण्यातल्या हवालदारानं नाव लावलं, आणि अंगणातल्या दोन कोंबड्यांना हात लावाल तर याद राखा, असंही सगळ्यांना बजावलं. गुन्हा कोर्टात गेला, पाणी सोडणाऱ्यानं कबुली दिली, किरकोळ शिक्षा झाली.

पोलिसात आम्ही कायम विचारतो, फायदा कुणाचा. या गुन्ह्यात कुणाचाच फायदा नव्हता, होती फक्त भीती, आणि भीतीचा माग कागदावर लागत नाही. हे मला शिकवलं त्या दोन बायकांनी, एकीनं शेडात आणि दुसरीनं हातपंपावर. दोघींपुढं मी आजही मान तुकवतो.

माझ्यासाठी तपास मात्र गुरुवारी संपला नाही. शनिवारी सकाळी मी हजेरी घेत होतो, आणि त्या महिला शिपाईचा गावातून फोन आला. कुणी न सांगता ती पुन्हा हातपंपावर जाऊन बसली होती.

“सर, हातपंपावर आज कुणीच न्हाय,” ती म्हणाली. “त्याच्या बायकोची घागर नळाला लागलीय.”