हॉर्न दिला की चहा

सुचित्राताई दोह्याच्या अल नस्र भागातल्या घरी बसून एका मोठ्या युरोपीय कंपनीचं काम करायची. वर्ल्ड कपच्या प्रेक्षकांसाठी बसचे मार्ग आखायचे. दोन वर्षांत एकाही सहकाऱ्याला तिनं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. "लेकीची, गार्गीची शाळा सांभाळून होतं गं सगळं," ती मला, तिच्या शेजारणीला, म्हणायची, "पण मी आहे हे कुणाच्या लक्षातच राहत नाही."

त्या सप्टेंबरात तिचा करार संपत आला होता. साहेबांनी आखलेला एक मार्ग तिच्याच घराखालून जात होता. तो चुकीचा आहे, असं तिचं म्हणणं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ते पटलं तर नोकरी कायम. नाहीतर खलास.

आणि नेमकं तेव्हाच इमारतीमागे ड्रिल सुरू झालं. सगळं शहरच खोदलेलं.

"यल्ला, गाडीत चल," ताई म्हणाली. "तू गार्गीला धर."

घराखालच्याच रस्त्यावर, चहाच्या कॅफेटेरियासमोर जागा मिळाली. एसी चालू, लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवलेला, आम्ही दोघी मागे.

"नकाशावर हा रस्ता मोकळा आहे," साहेब पडद्यावरून म्हणाले.

ताई तावातावानं पुढे झुकली. लॅपटॉप दाबला गेला, हॉर्न वाजला. इथे हॉर्न दिला की चहा गाडीत येतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारतही नाहीत. काचेवर टकटक झाली. कॅफेटेरियातले वलीचाचा, मूळचे म्हसळ्याचे, करक चहा घेऊन उभे. ताईनं कप घेतला आणि बोलत राहिली. पुन्हा हॉर्न. पुन्हा चाचा. तिसऱ्यांदा त्यांनी आतच डोकावलं.

"वहिनी, एकटीला किती पाजू? पावणे आलेत काय?"

"मम्मी, दे आर ऑल लाफिंग!" गार्गी ओरडली.

खरंच, पडद्यावरचे सगळे हसत होते. गेली नोकरी, मला वाटलं.

"हे गृहस्थ कोण?" साहेबांनी विचारलं.

ताईनं लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा बाहेर वळवला.

"सर, हा तुमचा मोकळा रस्ता."

गाड्या दुहेरी लागलेल्या. चहूकडून हॉर्न. ट्रे सांभाळत मधून पळणारे वेटर. मागे अडकलेला पाण्याचा टँकर.

"रोज संध्याकाळी असंच असतं. मी इथंच राहते. यातून बस कशी जाईल, सांगा."

हसणं थांबलं. साहेब पडद्याकडे झुकले.

"मार्ग बदला," ते शेवटी म्हणाले. "सुचित्रा, नवा तूच आख. दोह्याचे सगळेच मार्ग यापुढे तुझ्याकडे. कायम."

मी थक्क. पडद्यावर अभिनंदनाचे अंगठे उगवले आणि मीटिंग संपली. पडदा काळा. ऑफिसात असतं तसं शेजारच्या टेबलावर टाळी द्यायलाही इथं कुणी नव्हतं.

ताई दार उघडून थेट उकाड्यात उतरली.

"वलीचाचा, मी कायम झाले!"

"माशाल्ला! मग हापिसातल्यांना काय पाजायचं?"

"ते सगळे लांब आहेत हो, चाचा."

"मग आपणच पिऊ." चाचांनी ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मागचा टँकर कोकलत होता. आम्ही रस्त्यातच उभे राहून हसत चहा प्यायलो.