मिनीबसची डावी बाजू

भूकंपानंतर बाराव्या वर्षी, जून महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, लातूरमधल्या एका कोचिंग क्लासच्या आवारात माझ्या मुलीने मैत्रिणीला सांगितले की आपले वडील आत सरांची मुलाखत घेत आहेत. मी त्या वेळी त्या दोघींपासून दहा-बारा फुटांवर, क्लासच्या मिनीबसच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून रेडियम चिकटवत होतो.

गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही कागदाला आमच्याकडे रेडियमच म्हणतात, तो चमको वा न चमको. आमचे दुकान सुरू होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. त्याआधी मी एका दैनिकात होतो. मूळचा नांदेडचा. भूकंप झाला त्या सकाळी नांदेडच्या कार्यालयाने मला औशाच्या बाजूला पाठवले आणि नंतर लातूरलाच ठेवले. पुढची काही वर्षे बातमी तिथेच होती: पत्र्याची शेड, नव्या गावांचे नकाशे, घरांच्या चाव्या. हळूहळू ती आतल्या पानावर गेली आणि संपली. त्याच सुमारास लातूरच्या निकालांचा गवगवा झाला, बाहेरगावची मुले खोल्या करून राहू लागली आणि पहिल्या पानावर क्लासच्या जाहिराती आल्या. दैनिकाने लातूरचे कार्यालय बंद केले, तेव्हा मला नांदेडला परतून मुद्रितशोधन पाहण्यास सांगण्यात आले. मुलगी दहावीला होती आणि तिला लातूर सोडायचे नव्हते. मी राजीनामा दिला.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक नंबरप्लेट रंगवणारा होता. त्याचे वडीलही तेच काम करत. अक्षरे कापणारे मशीन घ्यायचे त्याच्या मनात होते, पण संगणक येत नव्हता. मला येत होता. आम्ही भागीदारीत मशीन घेतले. मी त्याला भाई म्हणे. तो मला पत्रकारसाहेब म्हणे, आणि गिऱ्हाईक समोर असले की मुद्दाम मोठ्याने: "बिनधास्त टाका ऑर्डर. आमचे पार्टनर पत्रकार हायत, एक काना चुकणार न्हाई."

घरी या बदलाबद्दल काही ठरले नव्हते. नांदेडहून फोन आला की बायको सांगे, "ते ऑफिसात गेलेत." दुकानाला आमच्या घरात ऑफिस म्हणू लागले ते तेव्हापासून. मी ते कधी दुरुस्त केले नाही. माझ्या स्कूटरच्या पुढच्या भागावर लाल अक्षरांत प्रेस असे लिहिलेले होते. उन्हाने त्यातले एक अक्षर गळून पडले होते. नवे मशीन आले त्या दिवशी चाचणी म्हणून मी तेच अक्षर कापले आणि स्कूटरवर लावले. आमच्या दुकानातले ते पहिले काम. भाई शेजारी उभा होता. "बराबर बसलं," एवढेच म्हणाला.

मिनीबस ही आमची पहिली पूर्ण गाडी. तोवर आम्ही नंबरप्लेटी, जीपच्या काचेवर मालकाच्या पोरांची नावे, रिक्षामागे आईचा आशीर्वाद, एवढेच करत होतो. मोठी छपाई लातुरात आम्हाला परवडेल अशी नव्हती. गुंडाळ्या नांदेडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येत. गाडीच्या दोन्ही अंगांना आदल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे लावायचे होते. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, गुण आणि वडिलांचा व्यवसाय. व्यवसाय लिहिण्याची पद्धत सगळ्याच क्लासांत होती. हमालाची लेक. शेतमजुराचा मुलगा. डॉक्टरांच्या मुलांखाली मात्र नुसते गुण. मी कारण विचारले तेव्हा सर हसले.

"रेडियमवाले, बाप जेवढा गरीब, तेवढे ॲडमिशनला फोन जास्त. डॉक्टरचा पोरगा पास झाला तर लोक म्हणतेत, होणारच की."

सर मला रेडियमवाले म्हणून ओळखत. माझी मुलगी त्यांच्याच क्लासला अकरावीला आहे हे त्यांना माहीत नव्हते. प्रवेशाला तिचे मामा गेले होते. ते मीच सुचवले होते. काम रविवारी करू, असेही मीच सुचवले. रविवारी क्लास बंद असे.

त्या रविवारी सरांनी अकरावीची सराव परीक्षा ठेवली होती. मुलीने ते आईला सांगितले होते. मी सकाळी लवकर निघालो होतो, म्हणून मला कळले नाही.

दुपारपर्यंत उजवी बाजू झाली. डाव्या बाजूचा मोठा ताव लावताना दोघे लागतात: एक वरून ताणून धरतो, दुसरा साबणाचे पाणी मारत रबरी पट्टीने खालची हवा काढतो. धरणारा सुटला की ताव स्वतःलाच चिकटतो आणि वाया जातो. तो ताव लागल्यावर मागच्या चाकावरचा तुकडा तेवढा उरला. भाई म्हणाला, "कडा दाबून ठेवा, मी नमाज पढून येतो." मी गोंदाचा वास येतो म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. हात कोपरापर्यंत साबणाचे होते.

पोरे जिन्यावरून उतरू लागली, तेव्हा मला वाटले दहावीची जादा तुकडी असेल. मग मुलीचा आवाज आला. मी मान वळवली नाही.

तिच्याबरोबर उदगीरची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. ती घरी कधी आली नव्हती, पण आमची स्कूटर तिने पाहिली होती. मुलगी आदल्या आठवड्यात ती घेऊन क्लासला आली होती.

"अगं, ही तुमचीच गाडी न्हाई का? प्रेसवाली?"

"हो."

"मग बाबा आलेत का तुझे? कुठं हायत?"

 मुलगी पायरीवरून मिनीबसकडे पाहत होती, हे मी गाडीच्या काचेत पाहिले. तिने मला ओळखले होते. रुमाल तोंड झाकतो, पाठ झाकत नाही.

"आत आहेत," ती म्हणाली. "सरांची मुलाखत घेतायत."

"लई भारी! पेपरात येणार मग आपला क्लास?"

"येईल."

"आपण थांबू या की. माझी ओळख करून दे. माझे पप्पा म्हणतेत, पत्रकाराशी ओळख पाहिजेच बाबा एकतरी."

"वेळ लागेल गं त्यांना. चल."

मैत्रीण हलेना. ती मिनीबसजवळ आली आणि चिकटवलेले चेहरे वाचू लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर तिच्या चपला होत्या. मी आधीच निघून गेलेली हवा पुन्हा पुन्हा काढत राहिलो.

तेवढ्यात फाटकातून भाई आला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "ओ पत्रकारसाहेब! कडा उचलून राहिली बघा वरची. झोपले का काय?"

मैत्रीण आधी भाईकडे आणि मग माझ्याकडे पाहून खदखदून हसली.

"अगं बघ, हे बी पत्रकार! काका, तुम्ही बी मुलाखत घेता का गाडीची?"

"न्हाई," मी रुमालाआडून म्हणालो. "ते गमतीनं म्हणतात मला."

माहिती बरोबर होती. मी त्या दिवशी पत्रकार नव्हतो.

मैत्रीण पुन्हा हसली. मग माझी मुलगीही हसली. तिचे हसणे मला लहानपणापासून माहीत आहे. हे दुसरे होते, थोडे उशिरा सुरू झालेले आणि लवकर संपलेले. भाई आमच्या घरी जेवून गेलेला होता. त्याने मुलीला पाहिले, तिने त्याला पाहिले. मग तो शिडीवर चढला आणि वरची कडा दाबू लागला.

दोघी स्कूटरपाशी उभ्या राहून वाट पाहू लागल्या. म्हणजे मैत्रीण वाट पाहत होती आणि मुलगी तिला सोडून जाऊ शकत नव्हती. काम संपले तरी मी संपवले नाही. अखेर सर बाहेर येऊन आपल्या मोटारीत बसून एकटेच गेले. मैत्रिणीने विचारले, "आन् तुझे बाबा?" मुलीने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. दोघी सायकली घेऊन निघाल्या.

फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्या पुन्हा थांबल्या होत्या. स्कूटर घेऊन त्यांच्यासमोरून जाणे शक्य नव्हते. मी ती तिथेच ठेवली आणि भाईच्या मोपेडवर मागे बसून, शिडी आडवी धरून, मागच्या गल्लीने निघालो. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "रुमाल काढा आता." तो तोंडावरच राहिला होता.

संध्याकाळी जेवताना मुलीने विचारले, "बाबा, स्कूटर कुठंय?"

"पंक्चर झाली."

"बरं," ती म्हणाली. आईने पेपर कसा गेला विचारले. तिने सोपा होता असे सांगितले. तिने भात परत घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाई मला भाऊ म्हणू लागला. पत्रकारसाहेब हा शब्द त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. मिनीबस पाहून आणखी तीन क्लासांनी गाड्या दिल्या, चाकूरच्या एका शाळेने बस दिली आणि आमचे दुकान चालू लागले. मिनीबस रोज सकाळी आमच्या कोपऱ्यावरून जाई आणि क्लासच्या मुलांना तीत फुकट बसता येई. मुलगी दोन्ही वर्षे सायकलने गेली. स्कूटर तिने पुन्हा मागितली नाही.

बारावीला तिला चांगले गुण मिळाले. जुलैमध्ये सरांनी मिनीबसवरचे चेहरे बदलायला बोलावले आणि नव्या मुलांचे फोटो व मजकूर दिला. डाव्या बाजूच्या शेवटच्या जागी तिचा फोटो होता. त्याखाली तिचे नाव, गुण आणि 'पत्रकाराची कन्या'.

"हिला म्हटलं, वडील काय करतेत," सर म्हणाले. "पत्रकार म्हणाली. त्यात काय मजा न्हाई तेवढी."

"काढून टाकायचं का?" मी विचारले.

सरांनी थोडा विचार केला. "राहू द्या. पोरीनं स्वतः सांगितलंय."

छपाई नांदेडहून आली. भाईने ताव वरून धरला, मी खालची हवा काढली. मजकूर आलेल्या प्रतीप्रमाणे लावला: डावी बाजू, मागच्या चाकाच्या वर.