सुशीलाच्या पंपात वाटेकरी

सुशीलाच्या अंगातलं रक्त पुन्हा कमी झालं होतं. खोकल्यातून रक्तही पडलं होतं. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. माझा दवाखाना रिसोडला होता आणि ही शाळकरी पोर केनवडची.

रक्त पडतं म्हणून आधी मी तिला टीबीची औषधं दिली. गुण आला नाही. मग थुंकी नागपूरला पाठवली. तिथे थुंकीतल्या पेशींमध्ये लोह सापडलं. आजार फार दुर्मिळ होता. फुप्फुसात आतल्या आत रक्त झिरपतं आणि त्यातलं लोह तिथेच अडकून बसतं. छाती लोहाने भरलेली आणि अंगात मात्र रक्त बनवायला लोह नाही. मला याचं भारी कुतूहल वाटलं होतं.

स्टेरॉईडच्या गोळ्यांनी रक्त थांबलं, पण तोंड सुजलं, वाढ खुंटली. दम्यासाठी तेव्हा स्टेरॉईडचा पंप नवाच निघाला होता. औषध थेट फुप्फुसात जाईल, या विचाराने तो मुंबईहून मागवला आणि गोळ्या हळूहळू बंद केल्या. काही महिने छान गेले. आणि आता हे.

मी पंप हलवून पाहिला. रिकामा.

"वामनराव, एवढ्यात संपला कसा?"

सुशीलाचे वडील खाली बघू लागले. सोबत आलेले आजोबाच बोलले, "मी बी घेत होतो ना साहेब. मले दमा हाय. पोरीले बरं वाटून राह्यलं, मंग म्या काहून खोकत बसाव?"

"अहो, तिचा आजार वेगळा आहे!"

"छाती तं छातीच असते ना? मले लय फरक पडला पाहा."

दम्याला फरक पडणारच होता. पण मग म्हाताऱ्याची नजर नातीकडे गेली. "माह्यानं झालं का हे? आता मले त्याले हात बी लावू देऊ नोका."

नवा पंप येईपर्यंत पुन्हा गोळ्या दिल्या. मग पंप सुरू करून गोळ्या बंद केल्या. अंगातलं रक्त वाढलं आणि टिकलं. पंप संपला तेव्हा रक्त कमी झालं, परत मिळाल्यावर टिकलं; म्हणजे पंपच काम करत होता, हे आता पक्कं कळलं.

पुढे डॉक्टरांच्या एका सभेत मी ही केस मांडली. "खात्री करण्यासाठी मी पंप बंद करून पाहिला," असं सांगितलं. टाळ्या पडल्या. ते खोटं होतं. पंप मी बंद केला नव्हता, आजोबांनी संपवला होता. आज जास्त बोचतं ते वेगळंच. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या लेकरावर असला प्रयोग करायला धजावलात कसे, हे त्या सभेत मला एकानेही विचारलं नाही.

सुशीला मोठी झाली, संसाराला लागली. आणि मी पंप लिहून देण्याआधी विचारू लागलो, "घरात आणखी कोणाला दमा आहे का?"