झोळ पडलेली बाज

सातवा महिना लागला तशी माझी झोप बिघडली. राजूरजवळच्या आमच्या गावातून मी बसने भोकरदनच्या शाळेत शिकवायला जायचे आणि जांभया आवरत फळ्यावर लिहायचे. उताणं झोपलं की बाळाला रक्त कमी पोचतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कुशीवर झोपायला सांगितलं होतं. पण कुशीवर आडवी झाले तरी जाग यायची ती उताणीच. मी दचकून उठायचे, पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट बघायचे. ते हललं की जिवात जीव यायचा, पण झोप उडालेली असायची. शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायला लागले.

पुढच्या तपासणीला हे सांगताना रडूच आलं.

"अहो, झोपेत माणूस वळतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाग आली की परत कुशीवर व्हायचं, बस. भिऊन जागत बसू नका. गुडघ्यांमध्ये उशी घ्या, एक पाठीशी लावा. झोपता कशावर?"

"बाजेवर. झोळ पडलाय तिला."

"मग ती तुम्हाला उताणं करणारच की!"

घरी येऊन मी हे आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. लग्नाला काही वर्षं झाली होती, तरी ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी आत्याबाईंना म्हणायचे, "तिला सांग."

रविवारी त्यांनी बाज अंगणात लिंबाखाली काढली. सगळी नवार सोडवली आणि लाकडाला पाय लावून एकेक पट्टी ओढत नव्याने विणली. नवरा मदतीला गेला तर, "सरक, ढिली करशील," म्हणून त्याला हटकलं. आत्याबाई शेजारी बसून जुन्या लुगड्यात घरचा कापूस भरून लांब उशी शिवत होत्या.

बाज विणून झाली. सासऱ्यांनी तळहाताने दाबून बघितली, जरा घुटमळले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"बस पोरी, बघ. बराबर झाली का? न्हाई तर अजून ताणतो."

मी टेकले. बाज जराही दबली नाही.

"बराबर झाली, मामा," मी म्हणाले.

ते उठून शेताकडे गेले. मी तिथेच सावलीत कुशीवर झाले, उशी गुडघ्यांत घेतली. जाग आली तेव्हा अंगणातलं ऊन गेलेलं होतं आणि आत्याबाई शेजारणीला दटावत होत्या, "हळू बोल माय, झोपून राह्यली ती."

त्यानंतरही कधी कधी उताणी जाग यायची. मी वळायचे आणि झोपायचे. मामा सकाळी विचारायला लागले, झोप झाली का. मग बस मिळाली का, पोरं शिकतात का.

मुलगी जालन्याला झाली, सुखरूप. आता दुपारी ती मामांच्या छातीवर पालथी झोपते. ती उठू नये म्हणून ते डोळे उघडे ठेवून नुसते पडून राहतात, आणि तहान लागली तर मला खुणेनंच पाणी मागतात.