कोरडं नाक

चौकातल्या औषधाच्या दुकानात गेली सतरा वर्षं काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला सगळी गल्ली 'अर्धे डॉक्टर' म्हणायची. त्यालाही ते गोड लागायचं. उरलेलं अर्धं केवळ परीक्षा न दिल्यामुळे राहिलं, अशी त्याची मनोमन समजूत होती. नाक चोंदलेलं पोर कडेवर घेऊन कुणी आई आली, की हा मास्तरासारखा सुरू व्हायचा, "ताई, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे नाक मोकळं करणारे थेंब द्यायचे नाहीत. मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, नाक हलकेच पुसा. या वयात वर्षाला आठ-दहा सर्द्या होणारच." सांगायचा ते मनापासून आणि खरं तेच सांगायचा.

फक्त स्वतःच्या घरी पाळत नव्हता.

त्याची ठमी दीड वर्षाची. पाळणाघरात घातल्यापासून तिच्या नाकाला जी धार लागली, ती लागलीच. एक सर्दी ओसरते न ओसरते तोच दुसरी हजर. बायको कारखान्यात सकाळपाळीला, सहालाच घर सोडायची. म्हणून पोरीला पोचवायचं काम याच्याकडे. पाळणाघराच्या दारात उभ्या असायच्या मावशी. प्रत्येक पोराचं नाक वाकून बघायच्या आणि वाहतं दिसलं की हात जोडायच्या, "आज घरीच ठेवा हो, बाकीची लेकरं पडतील आजारी." एका महिन्यात याच्या सहा रजा गेल्या. सातव्या वेळी दुकानाच्या मालकाने नुसतं घड्याळाकडे बघितलं आणि तेवढ्यानेच याचा धीर सुटला.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या अलीकडच्या वळणावर, उभ्या टेम्पोच्या आडोशाला, त्याने ठमीची मान मागे कलती केली आणि दोन्ही नाकपुड्यांत एकेक थेंब सोडला. तेच थेंब! दहा मिनिटांत नाक कोरडं. मावशींनी वाकून बघितलं, पोरीचा गालगुच्चा घेतला, "शहाणं गं माझं बाळ!" त्याला लाज वाटली नाही असं नाही. पण दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि लाजेला सवड मिळाली नाही.

'आजचा दिवस' म्हणता म्हणता तीन आठवडे झाले. आता थेंबांशिवाय ठमीचं नाक उघडेना. तोंड वासून झोपायची, दुपारी पेंगायची. या थेंबांची सवय लागली की नाक उलट जास्तच चोंदतं, हे त्याला तोंडपाठ होतं, लोकांना सांगून सांगूनच झालेलं. थेंब बंद करावेत तर काही दिवस नाक आणखी चोंदणार, म्हणजे पुन्हा रजा. बायकोने विचारलं, "हिला दाखवायचं का कुणाला?" तर हा म्हणाला, "मी आहे ना!" असं म्हणताना बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

तिकडे पाळणाघरातली पोरं एकामागून एक अंथरुणाला खिळली. एकाला तर छातीत कफ भरून दवाखान्यात ठेवावं लागलं. शनिवारी संध्याकाळी मालकीणबाईंनी सगळ्या पालकांना बोलावून घेतलं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"स्वच्छता ठेवली जात नाही, असं माझ्या कानावर आलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारपासून मावशींच्या जागी दुसरी बाई येईल."

मावशी भिंतीशी उभ्या होत्या. "मी दहादा हात धुते हो," त्या म्हणाल्या. "एकेक नाक बघून आत घेते. हवं तर या डॉक्टरांना विचारा. यांच्या ठमीला गेल्या तीन आठवड्यांत एकदा तरी परत पाठवलं का?"

सगळे याच्याकडे वळले. त्याचे कान तापले. "मावशी फार स्वच्छ आहेत," तो म्हणाला. एवढ्यावर भागेल, अशी अजून आशा होती बेट्याला.

"मग लागण आली कुठून?" मालकीणबाईंनी विचारलं.

मावशी त्याच्याकडे विश्वासाने बघत होत्या, आणि तेच त्याला सोसवेना.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. मग खाली मान घालून त्याने टेम्पोच्या आडोशापासून सगळं सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. दवाखान्यातून परवाच घरी आलेल्या पोराची आई तेवढी म्हणाली, "मी औषध घ्यायला तुमच्याच दुकानात यायचे. तुम्ही रोज विचारायचात, बाळ कसं आहे म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं याला झालं.

मालकीणबाई म्हणाल्या, "मावशी, सोमवारी नेहमीच्या वेळी या."

मावशींना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनी त्याच्या मांडीवर पेंगुळलेल्या ठमीला उचलून खांद्यावर टाकलं होतं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"आधी हिला डॉक्टरांकडे न्या," त्या म्हणाल्या. मग ओशाळून त्याच्याचकडे बघत पुटपुटल्या, "रोज दुपारी पेंगताना बघत होते मी हिला. मलाच कसं कळलं नाही?"

'तुमची काय चूक, मावशी,' एवढं म्हणायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं.