बारा पॉइंट चार

मी तशी फटकळ आहे, आणि स्वतःच्या कामाबद्दल कुणी शंका घेतली तर जरा जास्तच. घरी बसून प्रोग्राम लिहिते. देवळाली प्रवरात आमच्या घरामागे ऊस, उसापलीकडे पाण्याची चारी. विहिरीत पाणी किती उरलंय हे मोजायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. म्हणूनच असेल, कर्जत तालुक्यातल्या विहिरींच्या नोंदी ठेवायचं काम एका संस्थेनं दिलं, तेव्हा मी ते चार दिवसांत उरकलं आणि वर मिरवलंही.

काम असं होतं. प्रत्येक गावात एका माणसानं दर सोमवारी आणि शुक्रवारी ठरलेल्या विहिरीत वजन बांधलेली, खुणा केलेली दोरी सोडायची. पाणी काठापासून किती मीटर खाली आहे ते बघायचं आणि आकडा मोबाईलवरून पाठवायचा. मेसेज पोचला की माझा प्रोग्राम 'नोंद मिळाली, धन्यवाद' असं उत्तर धाडायचा आणि मग त्या मजकुरातली संख्या उचलायचा. आता लोक नुसता आकडा थोडाच पाठवतात? 'नमस्कार मॅडम पाणी 9.6 वर हाय', पुढे जोडलेले हात, त्यापुढे सूर्यफूल. त्यावर उपाय म्हणून मी एक ओळ लिहिली होती: शून्य ते नऊ आणि टिंब एवढं ठेव, बाकी सगळा कचरा झाडून टाक. जे उरेल ते स्टँडर्ड लायब्ररीकडे द्यायचं. ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत तयार मिळणारी हत्यारांची पेटी. त्यातलं एक फंक्शन मजकुराची दशांश संख्या करून देतं. ते मी रोज वापरायचे, पण त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. अभिमान होता तो माझ्या झाडूवाल्या ओळीचा.

एप्रिलमध्ये संस्थेच्या साहेबांचा फोन आला. एका गावाच्या रकान्यात डिसेंबरपासून एकही आकडा नव्हता. मोजणाऱ्या बाई विहिरीवर जातच नाहीत, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. सोमवारी ग्रामपंचायतीत बैठक घेऊन त्यांच्या जागी दुसरं माणूस नेमायचं होतं आणि त्यासाठी साहेबांना माझ्याकडून यादी हवी होती. मी दहा मिनिटांत पाठवली. समोर कोरे चौकोन, प्रत्येकात 'नोंद नाही'.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईंचाच फोन आला. साहेबांकडून त्यांनी माझा नंबर मिळवला होता.

"मॅडम, मी विहिरीवर जाती हो. दर खेपंला तुमच्याकडनं 'नोंद मिळाली' म्हणून येतंय. मग ती नोंद गेली कुठं?"

"मावशी, ते उत्तर आपोआप जातं. आकडा पाठवला असता तर तो दिसला असता. यंत्राचं तुमच्याशी वैर आहे का?"

"काम काढलं तर काढू द्या. पर गावात म्हणत्यात, म्हातारी घरी बसून खोटं सांगती. ते न्हाई सोसत."

माझं डोकं फिरलं. एवढं सांगूनही ही बाई ऐकत नाही म्हणजे काय? "थांबा, आलेले मेसेजच काढून बघते," असं म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला त्यांना खोटं पाडायचं होतं.

मेसेज उघडले. सगळे होते. एकही सोमवार किंवा शुक्रवार चुकलेला नव्हता. नमस्कार नाही, फूल नाही, फक्त आकडा: '८.९', '९.३', '१२.४'. डिसेंबरात मावशींच्या लेकीनं त्यांच्या मोबाईलला मराठी कीबोर्ड लावून दिला होता आणि मावशी मराठी आकडे लिहीत होत्या. माझ्या ओळीला फक्त इंग्रजी आकडे माहीत होते. तिनं १ झाडला, २ झाडला, ४ झाडला आणि उरलेलं एकटं टिंब लायब्ररीपुढे ठेवलं. टिंबाची संख्या होत नाही, असं लायब्ररी दर वेळी सांगत होती. तिनं तक्रार केली तर बोंब मारायची नाही, गुपचूप 'नोंद नाही' लिहायचं, ही व्यवस्थासुद्धा माझीच.

तरीही माझा ताठा पुरता गेला नव्हता. मनात आलं, ओळ नसती तरी काय फरक पडला असता? लायब्ररीला तरी हे आकडे कुठे वाचता येणार? ती लिहिणाऱ्यांनी कर्जत नकाशात पाहिलं नसेल. खात्री करायला म्हणून मावशींचा '१२.४' जसाच्या तसा त्या फंक्शनला दिला आणि चूक दाखवणाऱ्या संदेशाची वाट बघू लागले.

उत्तर आलं, 12.4.

मी पुन्हा दिला. पुन्हा तेच. '०.०५' दिला, वाचला. पुढे मागे मोकळी जागा सोडून दिला, वाचला. मग गुजराती आकडे दिले, बंगाली दिले, तमिळ दिले. मला स्वतःला जे ओळखताही येत नव्हते, ते कुठूनसे उचलून आणून दिले. सगळे वाचले.

मग त्या फंक्शनच्या आत काय आहे ते उघडून वाचायला बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी ते जगातल्या कुठल्याही लिपीतला दशमान अंक साध्या अंकात बदलतं, मग खरं काम सुरू होतं. ते काम किती अवघड आहे याची मला कल्पनाच नव्हती. आमच्या आजोबांच्या वेळची मापं होती ना, शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक, प्रत्येक आधीच्याच्या निम्मं? यंत्राकडे तसलीच मापं असतात, निम्म्याची निम्मी. त्यांनी बारा बरोबर मोजता येतात, पण पुढचे पॉइंट चार कधीच तंतोतंत बसत नाहीत. कितीही बारीक माप घ्या, तसूभर कमी किंवा तसूभर जास्त. फंक्शन त्या दोन शेजाऱ्यांपैकी खऱ्या आकड्याच्या जवळचा कोणता, ते शोधतं. आकडा दोघांच्या जवळजवळ मधोमध पडला तर अंदाज करत नाही. लांबलचक गुणाकार मांडून, गरज पडली तर शेवटच्या अंकापर्यंत बघून, मगच ठरवतं. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या बारीक फरकासाठी कुणीतरी एवढा जीव लावला होता. त्याच माणसानं किंवा त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं आपला १ आणि आपला २ ओळखायच्या अंकांच्या यादीत ठेवला होता, कुणी मागितला नसताना. मला त्या माणसांना नमस्कार करावासा वाटला आणि दुसऱ्याच क्षणी तोंडात मारल्यासारखं झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर मी याच आकड्यांत पाढे गिरवले होते. त्यांना कचरा म्हणणारी मीच निघाले.

ओळ बदलली: कुठल्याही लिपीतला अंक ठेव, बाकीचंच झाड. जुने मेसेज पुन्हा वाचून घेतले आणि कोरा रकाना भरून आला. मावशींना फोन करून म्हणाले, "सापडल्या नोंदी. सगळ्या आहेत." त्या म्हणाल्या, "व्हय? लई बरं झालं." कशा हरवल्या होत्या ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं, तांत्रिक अडचण होती.

सोमवारच्या बैठकीला मी स्वतः गेले. मावशींना तिथंच पहिल्यांदा पाहिलं. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर, भिंतीला टेकून बसलेल्या. मी एकेक तारीख आणि आकडा वाचत गेले. पाणी आठवड्यागणिक खाली चाललं होतं, कुठे उडी नाही, कुठे खाच नाही. लोक ऐकत होते. मावशींना खोटं ठरवणाऱ्यांतला एक जण "बराबर हाय की" असं पुटपुटला. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारचा आकडा वाचला, अकरा पॉइंट एक, आणि मावशींनी हात वर केला.

"त्यो काढा."

"का मावशी? बरोबर बसतोय तो."

"बसतोय, कारन मीच बसवला. लेक बाळंत व्हायची हुती, कर्जतला दवाखान्यात हुते. मागला आकडा बघून आपला अदमासानं धाडला. दोरी सोडली न्हाई त्या दिवशी. बाकी समदे मोजल्याले हायेत."

ज्या आळातून ही बाई चार मिनिटांपूर्वी सुटली होती, त्यातला खरा निघेल एवढा एक भाग ती स्वतःच्या हातानं सगळ्यांपुढे ठेवत होती. लायब्ररीला तो आकडा खोटा असल्याचं कळणं शक्य नव्हतं. मला नव्हतं. गावाला नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणून तिनं सांगितलं. मी यादीतला तो आकडा खोडला.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "एक खोटा, तर बाकीचे खरे कशावरनं?"

"जो खोटा हुता त्यो सांगितला, त्यावरनं," तो मघाचाच पुटपुटणारा म्हणाला. दोनचार माना हलल्या. साहेबांनी हात वर करायला सांगितले आणि मावशींचं काम मावशींकडेच राहिलं. त्या पदर सावरत उठल्या आणि माझ्याकडे न बघता निघाल्या. सोमवार होता, दोरी सोडायची होती.

मी त्यांना दारात गाठलं. सगळे बघत होते, बघू देत म्हटलं. "मावशी, तुमचे आकडे हरवले नव्हते. मी लिहिलेल्या एका ओळीनं ते पुसले. आणि वर तुमच्यावरच ओरडले."

"मग हे समद्यांम्होरं सांगा की," म्हणाल्या. "मी सांगितलं न्हवं?"

मी आत परत आले. साहेब अहवाल भरत होते. चार महिने नोंदी का दिसल्या नाहीत याच्या रकान्यात त्यांनी 'तांत्रिक अडचण' लिहिलं होतं. मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, त्यांच्या हातातलं पेन घेतलं, ते दोन शब्द खोडले आणि तिथं माझं नाव लिहिलं.