एनेलेसीच्या सोयाबीनच्या गाठी

एनेलेसीला राग आला की ती भांडत नसे, दुप्पट कामाला लागे. त्या साली मात्र ती भांडली, आणि तेही थेट गावप्रमुखाशी.

सोयाबीनच्या बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या पुड्या आल्या होत्या. दिसायला काळी भुकटी, पण जिती. साखरपाण्यात कालवायची, सावलीत बियाण्याला चोळायची अन् ओल्या रानात लगेच पेरायची. आमच्या बायकांच्या गटात हे काम एनेलेसीचं. पण आमच्या देद्झा भागात बाहेरून आलेली चीज आधी प्रमुखाच्या घरी उतरते, आणि त्यानं सोडल्याबिगर कुणी तिला शिवत नाही. प्रमुख, चिमवाला त्याचं नाव, परगावी मयतीला गेलेला. चार दिवस पुड्या त्याच्या पत्र्याच्या घरात शिजत पडल्या.

"निदान रांजणाखालच्या वाळूत तरी ठेव गं," एनेलेसी त्याच्या बायकोला म्हणाली.

"मी हात लावू? मला काय घराबाहेर काढायचंय व्हय तुला?"

एनेलेसी तडक निघाली, ती अर्धा दिवस चालत बियाण्याच्या डेपोवर. मिळाली एकच पुडी. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि आपल्या रानाला वापरली. बाकीच्यांच्या नशिबी प्रमुखाच्या घरातल्या.

दीड महिन्यात सगळ्यांचं सोयाबीन पिवळं पडलं, तिचं तेवढं गर्द हिरवं. चिमवालानं झाडाखाली बैठक घेतली.

"चांगलं सोताला, नासकं दुसऱ्यांना. हिच्या हातात आता गटाचं बियाणं द्यायचं न्हाई."

वीस वर्षं जे हात गावाचं बियाणं पेरणीला तयार करत होते, ते एका वाक्यात चोर ठरले. आम्ही बायका गप्प. मीसुद्धा.

एनेलेसी रीतीप्रमाणं गुडघ्यावर बसली, प्रमुखाच्या मानाला हलक्या टाळ्या वाजवल्या आणि टोपलीतून मुळासकट उपटलेली दोन झाडं काढली. एकाच्या मुळांना गाठी लगडलेल्या. तिनं नखानं एक फोडली. आत मांसासारखी गुलाबी.

"हे माजं. ह्यात ते जित्ते हायेत. अन् हे गटातल्या दोरोफीचं, नुसतं कोरडं मूळ. तुमी एका मयतीला गेलासा बाबा, अन् घरात हजार मुडदे पाडून ठेवलेसा."

मागं एक म्हातारा फिसकन हसला. चिमवालाचं तोंड उतरलं, पण हेका सुटला नाही.

"मला वलांडून डेपोवर गेलीस. कोंबडी दंड. अन् बियाणं तुज्या हाती यायचं न्हाई म्हंजे न्हाई."

"दोन कोंबड्या घ्या. पण चोर म्हनू नका."

त्यानं कोंबडी घेतली. शब्द काही मागं घेतला नाही.

पुढच्या पेरणीला पुड्या पुन्हा त्याच पत्र्याखाली गेल्या. आम्ही बायका टोपल्या घेऊन एनेलेसीच्या रानात गेलो. ते जिवाणू तिच्या मातीत राहिले होते. ती माती बियाण्यासोबत सरीत टाकली की आमचंही भागणार होतं. शिवाय रान तिला आईकडून आलेलं, तिथं प्रमुखाला विचारायचं कारण नव्हतं.

तिनं एकेकीची कानउघाडणी केली. "तुज्या तोंडात काय त्या दिशी गरम घास व्हता?" मला म्हणाली.

मी टोपली पुढं केली. तिनं दाबून दाबून भरली, इतकी की मला उचलवेना, आणि उचलायला हातही लावला नाही.